सीझर नाही, आणि नाणं उलटं छापलंय

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही ती बातमी दिलीय ना, सातारा जिल्ह्यातल्या एका कुटुंबाला पणजोबांच्या ट्रंकेत 'ज्युलियस सीझरचं दोन हजार वर्षांपूर्वीचं नाणं' सापडलं म्हणून, त्याबद्दल लिहितोय. सकाळी चहा पिता पिता बघितली आणि सोडून दिली होती, पण मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीच, नंतर मेव्हण्याने तीच पाठवली, आणि संध्याकाळी साडूचा फोन, 'अहो तुमचा विषय ना हा, गप्प काय बसलाय.' म्हटलं लिहितोच आता.

तर पहिली गोष्ट म्हणजे ते नाणं सीझरचं नाही. दुसरी, काट्याच्या बाजूचा फोटो तुम्ही उलटा छापलाय. आणि तिसरी गोष्ट, जी मला खरी लागली, ती म्हणजे त्या घरच्यांनी नाणं चिंच-मिठाने घासून लख्ख केलं आणि तुम्ही ते कौतुकाने छापलंत. तिकडे शेवटी येतो.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर म्हणाल हा कोण टिकोजीराव. मी तज्ज्ञ वगैरे नाही. भोसरीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ३४ वर्षं काढली, डाय, पंच, गेज, म्हणजे साचे, ठसे आणि मापं, हेच आयुष्य, आणि रिटायर झाल्यावर दोन हिवाळे मुलीकडे इंग्लंडला राहिलो, लिंकनच्या बाजूला एक खेडं आहे तिथे. थंडीत चारलाच अंधार पडतो, जावई-मुलगी कामावर, नातू शाळेत, टीव्हीवर काय चाललंय कळत नाही, माणूस करणार काय. शेजारी एक म्हातारा, माझ्याच वयाचा, नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर घेऊन फिरणारा. शेतमालकाची परवानगी घेऊन बरं का, तिथे त्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. त्याने एक दिवस बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून दिला, आत काळी-हिरवी चकत्यांसारखी दीडेकशे नाणी, म्हणाला हा माझा कचरा, म्युझियमच्या बाईंनी बघून नोंद करून परत दिलाय, यातलं तुला काही लागतंय का बघ.

पहिले आठ दिवस मला घंटा काही कळलं नाही. सगळे चेहरे सारखे. सगळे उजवीकडे बघतायत, सगळ्यांचे डोळे मोठे, सगळ्यांच्या मानेमागे फीत लोंबतेय. मी आपला चेहरा बघून ओळखायला जात होतो, जसं आपण पंचम जॉर्ज आणि एडवर्ड दाढीवरून-टकलावरून ओळखतो तसं, आणि तिथेच फसत होतो. तुमच्या बातमीदाराची चूक नेमकी हीच आहे म्हणून सांगतोय. चौथ्या शतकातल्या रोमन ब्राँझ नाण्यावरचा चेहरा हा त्या माणसाचा फोटो नसतोच, तो 'बादशहा असा दिसतो' एवढंच सांगणारा ठसा असतो. (दाढी दिसली तर बहुतेक ज्युलियन बादशहा, ३६१ ते ३६३, तेवढी एक सवलत मिळते.) डायवाल्या कारागिराने बादशहाला जन्मात बघितलेलं नसायचं, साम्राज्यात दहा-पंधरा टांकसाळी, बादशहा एका टोकाला आणि टांकसाळ दुसऱ्या.

त्या म्हाताऱ्याने मला एकच गोष्ट शिकवली. नाणं पालथं कर. चेहरा सगळ्यात शेवटी.

ते खरं कधी पटलं सांगतो. डब्यातलं एक नाणं होतं, १६-१७ मिलिमीटर, छाप्याच्या बाजूला शिरस्त्राण घातलेलं डोकं अंधुक, अक्षरं साफ गेलेली. काट्याच्या बाजूला मला टेबल दिसत होतं. खरंच, चार पाय आणि वर सपाट. दोन दिवस मी ते टेबल धरून बसलो. मग तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन आलं, त्या देशात तो सणच असतो, आणि नाणं हातात तिरपं धरलं तर टेबलाच्या वर दोन ठिपके चमकले, म्हणजे नुसते ठिपके नाही, बारीक चांदण्या, आणि टेबलाच्या खाली दोन गोळे हललेच माझ्या डोळ्यांसमोर. लांडगी! खाली दूध पिणारी दोन पोरं, रोम्युलस आणि रेमस, दंतकथेत रोम वसवणारे जुळे भाऊ. रोमन बादशहा कॉन्स्टंटाईनने ३३० मध्ये नवी राजधानी कॉन्स्टँटिनोपल उभी केली तेव्हा जुन्या रोमचं मन राखायला हे नाणं काढलं, त्यावर बादशहाचं नावच नाही, 'उर्ब्स रोमा' एवढंच, म्हणजे रोम शहर. नाणं सपाट गुळगुळीत, एक अक्षर वाचता येत नाही, आणि तरी कुठल्या दहा-पंधरा वर्षांतलं ते कळलं. मी एकटाच स्वयंपाकघरात ओरडलो.

तर तिथून पुढे मग वेड लागलं. दोन शिपाई समोरासमोर उभे आणि मध्ये लष्करी निशाण, हे 'ग्लोरिया एक्सर्सितुस', सैन्याचा गौरव, इतकं कॉमन की डब्यात वीसेक होती. यात बघायचं काय तर निशाणं दोन की एक. दोन असतील तर साधारण ३३० ते ३३५, एक असेल तर त्याच्यानंतर ३४१ पर्यंत. का माहितीय? नाणं लहान केलं. आधी अडीच ग्रॅमच्या आसपास, मग दीड-पावणेदोन, चकती लहान झाली तर दोन निशाणं मावणार कुठे. टूलरूमवाल्याला हे लगेच पटतं, बाकी इतिहास राहू द्या बाजूला. किल्ल्याच्या दरवाजासारखं दिसणारं आणि वर एक चांदणी, ते ३२४ ते ३३० चं. आपल्या लोकांना त्यात देऊळ दिसतं, मलाही दिसलं होतं, पण ते सरहद्दीवरच्या छावणीचं दार असं मानतात. कैद्याला केसाला धरून ओढत नेणारा बादशहा म्हणजे ३६४ नंतरचे व्हॅलेंटिनियन-व्हॅलेन्स हे भाऊ. कैद्याला ओढणारी पण पंख असलेली बाई, आणि नाणं एवढंसं, शर्टाच्या बटणाएवढं, तर ३८८ च्या पुढचं, थिओडोशियस आणि त्याची पोरं. म्हणजे बघा, चित्र आणि साईज, एवढ्यावर निम्मं काम होतं. म्हणूनच जुने अभ्यासक नाव न घालता नुसते एई एक, एई दोन, एई तीन, एई चार म्हणतात (एई म्हणजे तांबं-ब्राँझ), २५ मिलिमीटरच्या वर एक, २१ ते २५ दोन, १७ ते २१ तीन, त्याखाली चार. रोमन लोक स्वतः काय म्हणायचे यावर तज्ज्ञांचे वाद आहेत, व्हर्नियरवर, म्हणजे बारीक माप घ्यायच्या पट्टीवर, नाहीत.

आता तुमचं नाणं.

तुम्ही फोटोत शेजारी रुपयाचं नाणं ठेवलंय हे फार चांगलं केलंत, त्या फोटोग्राफरला माझा नमस्कार सांगा. मी पेपरवरच व्हर्नियर लावला (सौ. ने बघितलं आणि काही बोलली नाही). छापील फोटोत रुपया ३१ मिलिमीटर भरला आणि ते नाणं २५. रुपयाच्या चिन्हाचं नाणं आहे, २०११ च्या मालिकेतलं, ते खरं २२ मिलिमीटर असतं, तर त्रैराशिक मांडा, आपलं नाणं पावणेअठराच्या आसपास येतं. एई तीन, म्हणजे लहानच.

मग काट्याची बाजू. तुमची कॅप्शन म्हणते 'घोड्यावर स्वार सीझर'. आता पेपर उलटा धरा, म्हणजे सुलटा. डोक्यावर उभा असलेला माणूस पायावर येतो, तो शिपाई आहे, हातात ढाल, दुसऱ्या हाताने भाला खुपसतोय. आणि ज्याला तुम्ही सीझर म्हणताय तो घोड्यावर बसलेला नाही, घोड्यासकट खाली पडतोय आणि मार खातोय! पडता घोडेस्वार म्हणतात याला, उशिराच्या रोमन ब्राँझ नाण्यांमधलं सगळ्यात जास्त सापडणारं चित्र असेल कदाचित, दीडशेच्या डब्यात माझ्याकडे बावीस होते. कडेने अक्षरं असतात 'फेल टेम्प रेपारातिओ', म्हणजे सुखाचे दिवस परत आले. हे ३४८ मध्ये सुरू झालं, रोम शहराला ११०० वर्षं झाली त्याच्या निमित्ताने असं म्हणतात. सुखाचे दिवस कसले, दोनच वर्षांत एक बादशहा मारला गेला, मॅग्नेन्शियस नावाचा सेनापती उठला, ३५१ मध्ये मुर्सा गावाजवळ आपसातच प्रचंड कत्तल झाली, आणि नाणं आपलं 'सुखाचे दिवस' म्हणत छापलं जातंय, दर वेळी थोडं लहान. सुरुवातीला २२-२३ मिलिमीटर आणि पाच ग्रॅमपर्यंत असणारं हेच चित्र ३५३ नंतर १७-१८ वर आणि अडीच ग्रॅमवर आलं. मालाचं वजन कमी करायचं आणि पाकिटावर घोषणा मोठी, ही आयडिया जुनीच आहे.

तर पावणेअठरा मिलिमीटर अधिक पडता घोडेस्वार, म्हणजे ३५० च्या दशकातलं, त्यातही ३५३ च्या पुढचं. सीझरचा खून झाला इसवी सनापूर्वी ४४ मध्ये. मध्ये चारशे वर्षं गेली हो. शिवाजी महाराज आणि आपण यात आहे त्याहून जरा जास्तच अंतर. उद्या कोणी मोबाईलवर बोलणाऱ्या माणसाच्या फोटोखाली 'तानाजी मालुसरे' लिहिलं तर आपल्याला कसं वाटेल.

नाव कोणाचं, तर छाप्याच्या बाजूला जे वाचता येतंय ते एवढंच, सुरुवातीला 'डी एन' आणि उजवीकडे 'टी आय व्ही एस पी एफ ए व्ही जी'. डी एन म्हणजे दोमिनुस नोस्तेर, आमचे मालक, आमचे धनी. हे नावाआधी लावायची पद्धत ब्राँझवर साधारण चौथ्या शतकाच्या मध्यापासून पक्की झाली, सीझरच्या काळात कोणी असं लिहिलं असतं तर तिथेच भोसकला असता. डोक्यावर बघा, पानांचा हार नाही, मोत्यांची पट्टी आहे मागे गाठ मारलेली, ती कॉन्स्टंटाईनने उतारवयात सुरू केली. आणि यू च्या जागी व्ही, ते त्यांचं नेहमीचंच, त्यांच्यात यू वेगळा नव्हता.

आता गंमत अशी की 'टी आय व्ही एस' आणि 'टी आय एन व्ही एस' यात फरक फक्त एका एनचा, पहिलं कॉन्स्टंटियस नावाचं शेपूट, दुसरं कॉन्स्टंटाईनचं (पुढचं पी एफ ए व्ही जी म्हणजे नुसत्या पदव्या). कॉन्स्टंटाईनचा बाप कॉन्स्टंटियस, स्वतः कॉन्स्टंटाईन, त्याची तीन पोरं बादशहा झाली ती कॉन्स्टंटाईन, कॉन्स्टंटियस आणि कॉन्स्टन्स. वर एक पुतण्या कॉन्स्टंटियस गॅलस. पाळणा हलवताना घरात दुसरं नावच नव्हतं का काय. पण आपण हसायचं नाही, बाळाजी विश्वनाथांचे बाजीराव, बाजीरावांचे पुन्हा बाळाजी, आणि पुढे रघुनाथरावांचे परत बाजीराव, परदेशी माणसाला हे समजावून दाखवा. म्हाताऱ्याला मी हेच उदाहरण दिलं तर तो म्हणाला, मग तुला हे जमेल. तुमच्या नाण्यावर एन नाही, व्ही च्या आधी सरळ आय आहे, म्हणजे दुसरा कॉन्स्टंटियस, ३३७ ते ३६१. थोरला भाऊ ३४० ला गेला आणि धाकटा ३५० ला, त्यामुळे साईजवरूनही तोच येतो. दोन रस्त्यांनी एकाच घरी पोचलो की मग मी नाव वहीत पेनाने लिहितो, नाहीतर पेन्सिलने. (गॅलस पुतण्याचं विचाराल तर तो बादशहा नव्हता, हाताखालचा होता, त्याच्या नाण्यावर डोकं उघडं असतं, मोत्यांची पट्टी नाही.)

आता खरा मेवा. नाण्याच्या तळाला, चित्राच्या खाली एक आडवी रेघ असते आणि रेघेखाली बारीक अक्षरं. तुम्ही उलटं छापल्यामुळे ती वर गेलीत. तीच टांकसाळीची खूण. आमच्या कारखान्यात प्रत्येक जॉबवर एका कोपऱ्यात पंच मारायचो, हीट नंबर, मशीन नंबर, म्हणजे उद्या पीस क्रॅक झाला तर कोणाची मान धरायची ते कळावं. अगदी तेच. टी आर असेल तर ट्रियर, जर्मनीत. एस आय एस म्हणजे सिस्किया, आताच्या क्रोएशियात. एस एम के सिझिकस आणि एस एम ए एन अँटिओक, दोन्ही आताच्या तुर्कस्तानात, ए क्यू अक्विलेया, इटलीत. पी एल ओ एन म्हणजे खुद्द लंडन, पण ती टांकसाळ ३२५ च्या सुमारास बंद झाली. शेवटी किंवा सुरुवातीला आणखी एक अक्षर, ते त्या टांकसाळीतलं खातं, पूर्वेकडे ग्रीक अक्षरात, अल्फा बीटा गॅमा. मी तर म्हणतो ज्याने हे शोधलं तो क्वालिटीवालाच असणार. एक सापळा मात्र आहे, 'कॉन्स्ट' लिहिलेलं दिसलं की सगळे कॉन्स्टँटिनोपल म्हणून उड्या मारतात, पण फ्रान्समधल्या आर्ल शहराचं नावही मध्येच कॉन्स्टंटिना केलं होतं, तिथली खूणही जवळजवळ तशीच. बरीच नाणी तर सेंटर आऊट, म्हणजे ठसा मधोमध बसलेलाच नाही, वरचा पंच हातात धरून हातोड्याने ठोकायचे, त्यामुळे खूण चकतीबाहेर गेलेली असते, आमच्याकडे असा माल गेटच्या बाहेर गेला नसता.

तुमच्या फोटोत मी भिंग लावून वाचलं ते 'ए एल ई ए'. अलेक्झांड्रिया, इजिप्त, खातं पहिलं.

आणि इथे मला तुमच्या बातमीतली सगळ्यात चांगली गोष्ट सापडली जी तुमच्या बातमीत नाही. तुम्ही लिहिलंय की पणजोबा मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले आणि नाणं तिथून आणलं. मराठा लाईट इन्फंट्री इटलीत लढली हे आपल्याकडे शेंबड्या पोराला माहीत असायला हवं, नाईक यशवंत घाडगे १९४४ मध्ये तिथेच पडले, शिपाई नामदेव जाधव यांना १९४५ मध्ये तिथेच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण मराठ्यांच्या पलटणी इटलीच्या आधी उत्तर आफ्रिकेत आणि मध्यपूर्वेतही होत्या. आता लिंकनच्या डब्यात मी काय बघितलं, खूण वाचता आली ती बहुतेक ट्रियर, ल्यों, आर्ल, म्हणजे जवळच्या टांकसाळींची. सोन्याचं नाणं साम्राज्यभर फिरतं, चिल्लर बरीचशी आपल्या मुलखातच खेळते. मग अलेक्झांड्रियाचा तांब्याचा तुकडा पणजोबांना इटलीत मिळाला असेल की इजिप्तच्या वाळूत, बाजारात, कुठल्या पोराकडून दोन सिगारेटींच्या बदल्यात? पक्कं नाही सांगता येणार, चिल्लरही प्रवास करते, खलाशाच्या कमरेला बांधून जाते. पण त्या घरी पलटणीचं जुनं सर्व्हिस बुक असेल तर काढा म्हणावं आणि बघा म्हणावं ते इजिप्तला उतरले होते का. सीझरपेक्षा ही बातमी मोठी होती असं मला वाटतं, तुम्हाला काय वाटतं ते सांगा.

चिल्लरीवरून आठवलं, त्या बावीस घोडेस्वारांपैकी नऊ 'खोटे' होते. एवढेसे, काही तर ८-१० मिलिमीटर, अक्षरांच्या जागी नुसत्या काड्या, घोडा म्हणजे झुरळ. मी बाजूला काढून ठेवले तर म्हातारा हसला, म्हणाला हे फसवायला केलेले नाहीत. ३५० च्या दशकात ब्रिटन आणि फ्रान्सकडे सरकारी चिल्लर पुरेनाशी झाली तेव्हा लोकांनी आपली आपण पाडली आणि लोक ती घेतही होते. आपल्याकडे सुट्टे नाहीत म्हणून वाण्याने हातावर चॉकलेट ठेवावं तसंच की. ते नऊ मला सगळ्यात जास्त आवडतात.

आता चिंच-मीठ. अहो, ते देवघरातलं ताम्हन नाही! या नाण्याचा धातू म्हणजे तांबं, कथिल, भरपूर शिसं, आणि त्या काळात किंचित चांदीसुद्धा, नवं असताना वरून चांदीचा पातळ मुलामाही द्यायचे. सोळाशे वर्षं मातीत राहिल्यावर मूळ पृष्ठभाग धातूत उरतच नाही, तो त्या हिरव्या-तपकिरी पुटात गेलेला असतो. म्हणजे अक्षरं कुठे आहेत तर पुटात. चिंच पुट खाते, पुटाबरोबर अक्षरं, आणि खाली उरते ती गुलाबी, खड्डे पडलेली चकती. तुमच्या फोटोत डावीकडची निम्मी अक्षरं गेलीत ना, ती सोळाशे वर्षांत गेलेली नाहीत, मागच्या पंधरवड्यात मोरीत गेलीत. आमच्या घरीही हेच झालं असतं, मी कोणाला नावं ठेवत नाही, आपल्याकडे तांबं काळं दिसलं की बायामाणसांचा हात आपोआप चिंचेकडे जातो आणि माझाही जायचा. लिंबू नको, व्हिनेगर नको, भांड्यांची पावडर नको, दाताचा ब्रश पण मऊ असेल तरच. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं ते वाटीत घ्या, नाणं बुडवून ठेवा, आठवड्याने पाणी बदला, महिना-दोन महिने, आणि सुटलेली माती बांबूच्या काडीने, भिंगाखाली, हळू. मी एकेका नाण्याला सहा सहा आठवडे दिलेत. नंतर कोरडं, खणखणीत कोरडं. फिकट हिरवी पूड सुटायला लागली तर तो रोग आहे, ओल मिळाली की नाणं आतून खात जातो, कोकणात आणि आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि ते नाणं बाकीच्यांपासून लांब ठेवा.

किमतीचं तुम्ही लिहिलंय 'लाखोंच्या घरात'. माझ्या अंदाजाने असं घासलेलं नाणं बाहेर कोणी दोन-पाचशेला घेईल, न घासलेलं छान असतं तर दीड-दोन हजार. कमी वाटेल पण का ते बघा, ही सुटी चिल्लर होती, कोट्यवधी पाडली, इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यात २०१३ मध्ये एका माणसाला एका खड्ड्यात २२,८८८ सापडली, आता ती एक्झेटरच्या म्युझियमकडे आहेत. जुनं म्हणजे दुर्मिळ नाही. आणि हे लिहायचं कारण असं की तुमची बातमी वाचून त्या घरी फोन सुरू झाले असणार, 'तुमचं नाणं वीस लाखाला घेतो, आधी प्रोसेसिंग फी भरा'. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतः जाहीर केलंय की जुनी नाणी-नोटा विकण्याच्या नावाखाली आमचं नाव वापरून फी मागतात ते आम्ही नव्हे. एवढं तरी चौकटीत छापा. शिवाय शंभर वर्षांवरचं नाणं म्हणजे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू, परदेशी गिऱ्हाईक मिळालं म्हणून कुरिअर करायचं नाही. इंग्लंडचंही तसंच, तिथल्या मातीतली वस्तू बाहेर न्यायला परवाना लागतो, म्हणून म्हाताऱ्याने 'घेऊन जा' म्हटलं तरी मी डबा तिथेच ठेवला, माझ्याकडे फक्त वही आहे, दीडशेपैकी एकशे बारा नावं लागलेली, त्यातली एकोणतीस पेन्सिलने.

आणि 'भारतात असं नाणं प्रथमच' हे वाक्य तर काढूनच टाका. तमिळनाडूत करूरला अमरावती नदीच्या वाळूत आणि मदुराईकडे ही चौथ्या-पाचव्या शतकातली रोमन तांब्याची नाणी ढिगाने सापडलीत, श्रीलंकेत तर हजारोंनी, तिथे लोकांनी त्यांच्या नकलासुद्धा पाडल्या. आपल्याकडे कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेला समुद्रदेव पोसायडन टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे तो आधीचा, सातवाहनांच्या काळाकडचा, त्याचा आणि या नाण्याचा संबंध लावू नका, तुम्ही बातमीत लावलाय. करूर-मदुराईची ती झिजलेली नाणी एकेक करून ओळखून, फोटोसकट १९९४ मध्ये पुस्तक कोणी काढलं माहितीय? आर. कृष्णमूर्ती यांनी. ते प्राध्यापक नव्हते, 'दिनमलर' या तमिळ दैनिकाचे संपादक होते. संपादक, बरं का. मी टोमणा मारत नाहीये, म्हणजे थोडा मारतोय.

आपल्यालाही काही लांब जायला नको, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, बातमी छापण्याआधी एक फोन करायला हरकत नव्हती.

पत्र लांबलंय, कात्री लावा, पण चिंचेचा भाग ठेवा. आणि एक काम करा, फोटोग्राफरकडे मूळ फाईल असेल ती मला ईमेल करा, पत्ता पाकिटावर आहे. त्या पडणाऱ्या घोडेस्वाराच्या डोक्यावर टोकदार टोपी आहे की केस मोकळे हे मला पेपरच्या ठिपक्यांत दिसत नाहीये, आणि तो एक हात वर करतोय की घोड्याची मान धरतोय तेही. त्यावरून पोटप्रकार ठरतो. वहीत सध्या पेन्सिलने लिहून ठेवलंय.

आपला,
एक रिटायर टूलरूमवाला, चिंचवड